शंभरच्या लेन्सखालची काडी

ताप, हिरड्यांतून रक्त, प्लेटलेट पंचवीस हजार. पावसाळ्यात पुण्याच्या वारज्यात घरोघरी एकच निदान होतं, डेंग्यू. "बहुतेकदा तसंच निघतं," माळवाडीतल्या छोट्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "पण हीच लक्षणं ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचीही असू शकतात. मशीनने पांढऱ्या पेशींवर खूण केली की काच बघायचीच."

मशीन आल्यावर माणसाला काय काम उरलं, हे बघायला संपादकांनी मला धाडलं होतं. मी रमलो ते टेक्निशियनकाकांपाशी. रक्ताचा थेंब, दुसरी काच तिरकी टेकवून एका झटक्यात ओढायची. शेपटीकडे थर विरळ झाला पाहिजे. मग लेशमन स्टेन दोन मिनिटं, त्यावर दुप्पट बफर, आणखी दहा मिनिटं. पावसाळ्यात स्टेनमधलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि लाल पेशींवर चकाकते ठिपके उठतात. काका काच पंख्याखाली हलवत राहतात. बिघडली की कुरकुरत दुसरी ओढतात.

मॅडमनी तेलाचा थेंब टाकून शिकवणीची जुनी स्लाइड दाखवली. मोठ्या जांभळ्या पेशी, बहुतेक जागा केंद्रकानेच व्यापलेली, त्यात फिकट केंद्रिका. हे ब्लास्ट, अपरिपक्व पेशी. आणि कडेच्या निळसर पट्टीत एक बारीक लालसर काडी: ऑअर रॉड. ती ब्लास्टमध्ये दिसली, की आजार मायलॉइड जातीचा. गंमत अशी, की 1906 साली जॉन ऑअर यांनी तिचं वर्णन केलं ते लिम्फ पेशींमधली म्हणून!

पण काडी प्रत्येक रुग्णात सापडत नाही. नसली म्हणून एएमएल, म्हणजे तीव्र मायलॉइड ल्युकेमिया नाही, असंही नाही. ब्लास्ट शंभरात वीस ही निदानाची रूढ रेषा. ती मोजायला बोन मॅरो लागतं, जात ठरवायला फ्लो सायटोमेट्री, शिवाय जनुकांच्या तपासण्या. ते सगळं मोठ्या रुग्णालयात, आणि खर्चही तसाच.

एका प्रकारात मात्र थांबायला वेळ नसतो. प्रोमायलोसिटिक ल्युकेमियात एकाच पेशीत या काड्यांची मोळी बांधलेली दिसते. रक्त गोठण्याची घडी विस्कटते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अ जीवनसत्त्वापासून बनवलेलं एट्रा हे औषध जनुकीय रिपोर्टची वाट न बघता, नुसत्या संशयावर सुरू करतात. पहिले दिवस निभावले तर यातले बहुतेक रुग्ण बरे होतात.

मोळी दिसली की मॅडम रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबत नाहीत, डॉक्टरांना फोन लावतात. तसा निरोप रात्री तुमच्या घरी आला, तर "सकाळी बघू" म्हणू नका. रिक्षा बोलवा.