भिंतीवरची रेघ

मोटारसायकलसाठी एलईडी दिवा निवडायला हैदराबादच्या हिमायतनगरचा मुख्य रस्ता ही फार वाईट जागा आहे. लिबर्टीपासून नारायणगुड्यापर्यंत रात्रीसुद्धा इतका झगमगाट असतो की तिथं कुठलाही दिवा चालून जातो. दुकानाच्या दारात बल्ब पेटवायचा, डोळे दिपले की माल चांगला म्हणायचं, अशीच खरेदी होते. दिव्याची खरी परीक्षा संगारेड्डी ओलांडून देगलूर-नांदेडच्या महामार्गाला लागल्यावर होते. तिथं मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर काळोखातून एकदम समोर उभा राहतो.

ज्या तरुणाचं काम मी पाहत उभा होतो, तो देगलूरकडचाच. नोकरी हैदराबादेत, सुट्टीला बुलेटवरून गावी. मुख्य रस्त्यामागच्या गल्लीत बसणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तो म्हणाला, "चाचा, हेडलाइट में एलईडी डाल दो." चाचांनी डबा उघडलाच नाही. "पैले दीवार देखेंगे, बल्ब की बात बाद में," म्हणत त्यांनी गाडी गल्लीच्या अंधाऱ्या टोकाला नेली आणि भिंतीपासून पाच मीटरवर उभी केली. तरुणाला सीटवर बसवलं, मागे दुकानातल्या पोऱ्यालाही बसवलं. मागे माणूस बसला की मागचं शॉकअप दबतं आणि पुढचा दिवा वर बघू लागतो. रिकाम्या गाडीवर जुळवलेला दिवा म्हणूनच रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मग खडूने दिव्याच्या उंचीची खूण. डिपरवर उजेडाची वरची कड या खुणेच्या पाचेक सेंटीमीटर खाली हवी. दिवा जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर असेल, तर एवढ्या उताराने ही कड साधारण ९० मीटरवर रस्त्याला टेकते. जुन्या हॅलोजनची कड भिंतीवर स्पष्ट दिसत होती. उजेड मात्र पिवळट, थकलेला.

आता चाचांनी एक स्वस्त एलईडी बल्ब त्याच होल्डरमध्ये बसवला. भिंत पांढरीफेक झाली, तरुण खुश झाला, आणि मी वर पाहिलं तर पहिल्या मजल्याची गॅलरी उजळली होती. भिंतीवरची कड नाहीशीच! कारण बल्बच्या पोटात आहे. एच-४ हॅलोजनमध्ये दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचा भागच कामाला लागतो आणि प्रकाश रस्त्याकडे वळतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीच्या चिप त्या जागेपासून जरा सरकल्या, मधली पट्टी जाड असली, की हिशेब बिघडतो. चाचांनी बल्ब फिरवून चिप डाव्या-उजव्या बाजूंना आणल्या, तेव्हा कड पुसटशी परतली. पातळ पट्टीच्या महागड्या बल्बने आणखी सुधारली, तरी वर ठिपके राहिलेच.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम या भिंतीचीच गोष्ट सांगतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, तो दिपता कामा नये. हा समोरून येणारा माणूसच आहे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण दिवा विकत घेताना त्या माणसाचा विचार कुणी करत नाही. पावसात त्याचे हाल दुप्पट होतात. भिजलेलं डांबर आरशासारखं होऊन आपला उजेड आपल्याकडे परत न पाठवता त्याच्याकडे फेकतं. आपल्याला रस्ता दिसत नाही, आणि त्याला काहीच दिसत नाही.

मग चाचांनी जुना हॅलोजन परत लावून मीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर जेवढे व्होल्ट होते, त्यापेक्षा होल्डरवर जवळजवळ एक व्होल्ट कमी. बारीक, जुन्या वायरिंगमध्ये आणि स्विचमध्ये तो जिरत होता. हॅलोजनच्या बाबतीत एवढ्याने उजेड पाव हिश्शाने घटतो! त्यांनी फ्यूज आणि रिले घालून बॅटरीपासून जाड वायर थेट होल्डरपर्यंत आणली, ५५-६० वॉटचा नवा हॅलोजन बसवला. भिंतीवर कड जिथल्या तिथे, आणि उजेड पहिल्यापेक्षा कितीतरी भरदार. माझ्या मते निम्म्या गाड्यांना बल्बआधी या वायरिंगचीच गरज असते.

एलईडी नको असं चाचांचं म्हणणं नव्हतं. एलईडीसाठीच घडवलेली लेन्स असलेले दोन छोटे दिवे त्यांनी क्रॅश गार्डवर लावले. मागे ॲल्युमिनियमच्या पाकळ्या, कारण एलईडीची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते आणि चिप तापली की उजेड उतरतो. पंखा नसलेले, कारण चिखलात पंखा आधी मरतो. पाण्यासाठी आयपी ६७. खोक्यावरच्या ल्युमेनच्या आकड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

या दिव्यांच्या रिलेचा इशारा त्यांनी अप्परच्या वायरवरून घेतला, शिवाय हँडलवर वेगळा स्विच दिला. समोरून गाडी दिसली आणि डिपर मारला की दोन्ही दिवे आपोआप बंद. तरुणाने अप्पर-डिपर करून पाहिलं. चाचा नट आवळत म्हणाले, "गाँव पहुँच के फिर दीवार पे देख लेना बेटा, रस्ते में क्लॅम्प हिलता."