दुसरा प्रश्न

“घरी मोबाइल आहे का?”

“हाये ना.”

माझ्या सहकारी ताईंनी फॉर्मवर ‘होय’च्या चौकोनात खूण केली आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. ओसरीवर एक आजी सुपात तुरीची डाळ घेऊन खडे वेचत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, “हाये, पण तो दिवसभर वावरात रायते. पोराचा बाप घेऊन जाते. रात्री येते तवा चार्जिंगच नसते त्याच्यात.”

ताईंनी फॉर्म मांडीवर ठेवला. खूण खोटी नव्हती, पण त्या खुणेच्या भरवशावर कुणी या घरातल्या मुलाला फोनवर धडे पाठवले असते, तर ते वावरातल्या धुऱ्यावर वाजून गेले असते. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक प्रश्नाखाली पेन्सिलने दुसरा प्रश्न लिहायला लागलो. फोन कुणाजवळ असतो? किती वेळ असतो? मुलाच्या हाती कधी येतो?

ऑक्टोबर 2020चा मधला आठवडा होता. गाव मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीतलं, तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातलं, महाराष्ट्राच्या सीमेकडचं आणि कन्हान नदीपासून फार लांब नसलेलं. मार्चपासून शाळा बंद होत्या. त्यात ऑगस्टच्या अखेरीस छिंदवाडा जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, कन्हान आणि पेंच फुगल्या आणि खाली वैनगंगेच्या काठाने भंडारा-गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. आम्ही पोचलो तेव्हा पाणी ओसरून महिना उलटला होता. शाळेच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीची चिखलाची रेघ तशीच होती. वर्गात कोपऱ्याला चुलीचे काळे दगड होते. पुराच्या दिवसांत काही कुटुंबं तिथेच राहिली होती. एका संकटावर दुसरं येऊन बसलेलं. अशा वेळी इथल्या मुलांचं शिकणं चालू राहायला नेमकं काय लागेल, हे पाहायला आम्ही चौघं आलो होतो.

संकटात आधी धान्य, ताडपत्री, औषध येतं आणि ते तसंच यायला हवं. शाळेचा विचार मात्र फार उशिरा होतो, जणू मुलांचं वय तोवर थांबून राहणार असतं. मराठी मुलखाने हा धडा किल्लारीला घेतला. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना पुण्याला आणलं, त्यांच्या राहण्याची आणि शाळेची सोय केली. मुलांचं शिक्षण हाही मदतकार्याचाच भाग आहे, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. पुढे 2004मध्ये आपत्तीतल्या शिक्षणाचे किमान निकष आंतरराष्ट्रीय पातळीवर लिहिले गेले आणि 2007पासून युनिसेफ व सेव्ह द चिल्ड्रन यांच्या पुढाकाराने जगभर त्यासाठीची समन्वय यंत्रणा उभी राहिली. पाहणीची त्यांची शिस्त साधी आहे : विचारा, स्वतः पाहा, कागदाशी पडताळा, आणि मुली, मुलगे, अपंग मुलं यांची मोजणी वेगवेगळी करा. साधी शिस्त गावात पाळायला किती अवघड असते, ते तिथे गेल्यावर कळलं.

सुरुवात नकाशाने केली. देवळासमोरच्या पटांगणात पोरींनी रांगोळीने गाव काढलं : नदी, नाला, शाळा, हातपंप, तीन टोले म्हणजे वस्त्या. मग प्रत्येक घरावर दाणे ठेवायचे. मुलीसाठी तुरीचा दाणा, मुलासाठी हरभरा. जे मूल मार्चच्या आधीही शाळेत जात नव्हतं, त्याच्यासाठी खडा. मोठी माणसं अंदाज सांगत होती, मुलं मात्र नावानिशी सांगत होती. “त्या घरात दोन नाई, तीन आहेत. लहानी आजोळी गेली ना.” तासाभरात गावचं एकूण एक मूल जमिनीवर मांडून झालं.

नंतर शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर आणलं. दाणे आणि नावं जुळली नाहीत. काही नावांना दाणे नव्हते : ती कुटुंबं सीमेपलीकडे, नरखेड-काटोलकडच्या संत्र्याच्या बागांत कामाला गेली होती. काही दाण्यांना नावं नव्हती : टाळेबंदीत नागपूरहून परतलेल्या घरांची ती मुलं. त्यांची नावं तिकडच्या मराठी शाळेच्या पटावर. इकडे प्रवेश घ्यायचा तर तिकडचा दाखला नाही, मध्य प्रदेशातल्या कुटुंबांना मिळणारा समग्र आयडी नाही. पालकांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं की कागद आल्याशिवाय शाळा नाही.

1 नोव्हेंबर 1956ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. या भागातल्या पांढुर्णा-सौंसरची सोयरीक, बाजार, दवाखाना आजही नागपूरकडे आणि सरकारी कागद भोपाळकडे. एरवी लोक ही सीमा सहज ओलांडतात. संकटात तीच सीमा मुलाला दोन्ही पटांवरून पुसून टाकते. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आम्ही ते कलम एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सरपंचांकडे दिलं. त्या गावातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निकडीचं काम ते होतं, आणि ‘शाळेत किती मुलं आहेत?’ एवढंच विचारलं असतं तर ते कधीच दिसलं नसतं.

घरोघरच्या फेरीत दुसरा प्रश्न आम्हाला रोज काही ना काही शिकवत गेला. “पुस्तकं मिळाली का?” “मिळाली.” “दाखवता का?” मग टिनावर वाळत घातलेलं ‘भाषा भारती’ खाली येई. पुराच्या पाण्याने फुगलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. “सकाळी दहाला घरी शाळा भरते का?” जुलैपासून राज्यात ‘हमारा घर हमारा विद्यालय’ सुरू होतं, पालकांनी थाळी वाजवून घरातली शाळा भरवावी, अशी कल्पना. “भरते ना,” एक काकू म्हणाल्या. “काल कोणी वाजवली थाळी?” त्या क्षणभर गप्प राहिल्या. “दहाले तर आम्ही वावरात असतो, भाऊ. सुरुवातीला आठ दिवस वाजवली.” त्या आठ दिवसांचं मोल कमी नव्हतं. त्यांना हवी होती ती संध्याकाळी सातची शाळा.

“मूल दिवसभर काय करतं?” याचं उत्तर ठरलेलं : “काही नाई, खेळते.” तिथे दुसरा प्रश्न तोंडाने विचारायचा नसतो, मुलाचे हात पाहायचे असतात. पाचवीतल्या एका पोरीच्या नखांच्या कडेला बारीक ओरखडे होते. सुकलेल्या बोंडाची टोकं टोचून असे ओरखडे येतात. कापसाचा पहिला वेचा सुरू झाला होता. ती लपवत नव्हती. किलोला किती मिळतात हे तिने हिशेबासकट सांगितलं. तिची वजाबाकी तपासायला वेगळा कागद लागला नाही. पण शाळा उघडली तरी कापूस संपेपर्यंत ती येणार नाही, हेही तिथेच कळलं.

वाचनाची चाचणी आम्ही एका पानाची ठेवली होती : अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने 2005पासून देशभर रुळवलेली पद्धत. चौथीतला एक मुलगा हिंदी परिच्छेदावर अडखळत होता. ‘बादल’ या शब्दाशी थांबला. ताई खूण करणार, तेवढ्यात त्याने खाली बोट टेकवून हळूच विचारलं, “ढग म्हणू का?” त्याला अक्षर कळत होतं, अर्थही कळत होता. परक्या माणसासमोर हिंदीत बोलायची त्याला भीड वाटत होती. आम्ही मराठी पान पुढे केलं. त्याने गोष्ट वाचली आणि शेवट काय व्हायला हवा होता तेही सांगितलं.

त्याच दुपारी टोल्यावरच्या एका गोंड मुलीने तोच परिच्छेद न अडखळता वाचला. ‘वाचते’ असं लिहून उठता आलं असतं. “काय झालं गोष्टीत?” असं विचारल्यावर ती गप्प बसली. घरी गोंडी, बाजारात मराठी, शाळेत हिंदी. तिसऱ्या भाषेतली अक्षरं तिला आवाजासारखी पाठ होती, गोष्ट तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. एकच प्रश्न विचारला असता तर फॉर्मवर मुलगा मागे आणि मुलगी पुढे दिसली असती, आणि दोघांनाही चुकीची मदत गेली असती.

पुरुषांच्या बैठकीत सगळं कुंपण, इमारत, रस्ता यांभोवती फिरलं. बायकांशी आम्ही वेगळं बोललो, हातपंपाजवळ, भांडी घासण्याच्या वेळेला. तिथे एकीने फॉर्मवर नसलेली गोष्ट सांगितली. “शाळा होती तवा पोरीची दिवसभर फिकर नव्हती. आता तिले घरी एकटी ठेवून वावरात कसं जावं? म्हणून स्थळ पाहून रायले तिच्यासाठी.” पोर आठवीत होती. तिच्या घरच्यांना तिचं शिकणं नकोसं झालं नव्हतं. शाळा बंद होताना वह्या-पुस्तकांबरोबर त्या घरची एक सुरक्षित जागाही बंद झाली होती.

अशा वेळी पाहणी करणाऱ्याला स्वतःला आवरावं लागतं. मुलीला चारचौघांत काही विचारायचं नाही. जे ऐकल्यावर पुढे काही करता येणार नाही, ते कुतूहलापोटी खोदायचं नाही. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, ही माणसं आधी जोडून ठेवायची आणि मगच प्रश्न विचारायला निघायचं. त्या आईला आम्ही आशाताईंशी जोडून दिलं आणि ती मुलगी दिवसा कुठे बसेल, हा प्रश्न गावच्या यादीत वर घेतला.

शेवटच्या संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गावाला सगळं वाचून दाखवलं. कुणाचं नाव न घेता, पण काही न वगळता. यादी तीन भागांत : आज, दिवाळीपर्यंत, शाळा उघडल्यावर. वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. कुंपण तिसऱ्या भागात गेलं म्हणून काही मंडळी नाराज झाली. बायकांनी संध्याकाळच्या वर्गाचा आग्रह सोडला नाही. बारावी झालेली गावातलीच एक मुलगी शिकवायला तयार झाली. तिने मागितलं ते एवढंच : फळा, पाट्या, चिकटलेल्या पुस्तकांच्या बदली नवी पुस्तकं आणि ओसरीवर एक दिवा. महागड्या टॅबलेटचं नाव त्या यादीत कुठेच आलं नाही. दिवसा मुलींना बसायला अंगणवाडीची खोली उघडायचं ठरलं.

पुढे मोठ्या पाहण्यांचे आकडे आले. अझीम प्रेमजी विद्यापीठाने फेब्रुवारी 2021मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्य प्रदेशासह पाच राज्यांतली 16,067 मुलं होती. त्यांतल्या 92 टक्के मुलांनी भाषेतलं आदल्या वर्षीचं किमान एक कौशल्य गमावलं होतं, 82 टक्के मुलांनी गणितातलं. ऑगस्ट 2021च्या ‘स्कूल’ नावाच्या पाहणीत 15 राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांमधली सुमारे 1,400 मुलं होती. त्यांतल्या ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी फक्त 8 टक्के. ते 92 आणि 8 वाचताना मला नखांच्या कडेचे ओरखडे, ‘ढग म्हणू का’ आणि धुऱ्यावर वाजणारा फोन आठवत राहिला. संकटाचा आवाका अशा आकड्यांनी कळतो. एखाद्या दारात काय घेऊन जायचं, ते त्या दारातच विचारावं लागतं.

मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीचे वर्ग 20 सप्टेंबर 2021ला उघडले, दीड वर्षाने, निम्म्या उपस्थितीने. त्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. टाळेबंदी लागली तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता तिसरीच्या बाकावर होती आणि शाळेची पायरी त्यांना नवीच वाटत होती. चिखलाच्या रेघेवरून चुना फिरला होता. मास्तरांनी रजिस्टर उघडलं, तर मागच्या पानाला शिवलेला एक कागद होता : रांगोळीच्या नकाशावरून उतरवलेली आमची दाण्यांची यादी, त्यांनी स्वतःच्या अक्षरात वाढवलेली. नागपूरहून आलेल्या मुलांची नावं आता शाईने पटावर चढली होती.

तेव्हापासून प्रशासन थोडं जवळ आलं आहे. 5 ऑक्टोबर 2023ला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. पुढच्या पुरात, पुढच्या साथीत यादी पोचायला अंतर कमी असेल. यादी खरी असणं मात्र अजूनही त्या गावातल्या माणसाच्याच हातात आहे.

2021च्या त्या भेटीत शाळा सुटल्यावर मी मास्तरांना सवयीने विचारलं, “आज किती आले?” त्यांनी आकडा सांगितला. मग रजिस्टर काखेत घेऊन चपला घालता घालता म्हणाले, “जे नाई आले, त्याइच्या घरी जाऊन येतो. कापूस फुटला आहे.” आणि ते नाल्याच्या वाटेने टोल्याकडे निघाले.