गोळी थांबवल्यावर द्राक्षे चालतील का?

नाशिकचे नाव काढले की द्राक्षे आठवतात. या फळाच्या इंग्रजी नावामुळे होणारा एक घोटाळा आधी दूर करू. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर इमॅटिनिब नावाची गोळी देतात. ती घेणाऱ्याला ‘ग्रेपफ्रूट टाळा’ असे सांगतात. ‘ग्रेप’ एवढेच ऐकून कोणी द्राक्षे सोडली, तर ते व्यर्थ होय! ग्रेपफ्रूट हे लिंबाच्या कुळातले, आपल्या पपनसाचे जवळचे नातेवाईक. त्यातील काही द्रव्ये आतड्यातल्या एका विकराचे काम बंद पाडतात. हा विकर औषधाचे विघटन करत असतो. तो थंडावला, की रक्तातील औषध प्रमाणाबाहेर वाढू शकते. पपनसातही अशी द्रव्ये असतात.

आता मूळ रोगाकडे वळू. अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत ९ व्या व २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. जॅनेट राउली यांनी हे १९७३ साली दाखवून दिले. सांध्यावर दोन जनुके जोडली जाऊन एक विकृत प्रथिन तयार होते आणि ते पेशीला वाढण्याचा हुकूम सतत देत राहते. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसते व त्याचे काम थांबवते. अमेरिकेत २००१ साली या औषधाला मान्यता मिळाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी त्याच्या पेटंटचा दावा फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळत राहिल्या.

पण गोळी जन्मभर घ्यायची का? फ्रान्समध्ये २००७ पासून १०० रुग्णांची गोळी मुद्दाम थांबवून पाहण्यात आली. निदान दोन वर्षे त्यांच्या रक्तात अतिसूक्ष्म तपासणीतही विकृत जनुकाचा मागमूस नव्हता. त्यांपैकी सुमारे ४० जणांचा रोग परतलाच नाही. इतरांपैकी बहुतेकांचा पहिल्या सहा-सात महिन्यांतच परतला. मात्र वरचेवर रक्ततपासणी होत असल्यामुळे तो लगेच ध्यानात आला आणि गोळी पुन्हा सुरू करताच आटोक्यात आला.

येथे थोडे गणित करा. समजा, अशाच दहा जणांनी गोळी थांबवली आणि रोज गव्हांकुराचा रस घेतला. रसाचा काडीइतकाही उपयोग नसला, तरी त्यांतील चौघे बरे राहतील, आणि ते रसाचे गुण गातील. उरलेल्या सहांची हकिगत आपल्या कानांवर फारशी येत नाही! रसाची खरी परीक्षा करायची, तर रस न घेणारे दहा जण शेजारी हवेत. खरे तर दहाही थोडेच. गोळीची जागा घेईल असे कोणतेही अन्न अशा परीक्षेतून आजवर पुढे आलेले नाही.

आहाराचा रक्ताशी संबंध नाही, असे मात्र समजू नका. १९२८ नंतर मुंबईत ल्यूसी विल्स यांनी गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगावर संशोधन केले. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया सुधारल्या. त्यातले गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल. पुढे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना असे दिसले, की तीव्र ल्युकेमिया झालेल्या मुलांना हेच पोषक द्रव्य दिल्यास रोग उलट बळावतो. तेव्हा त्यांनी फोलिक आम्लाला अडवणारे अमिनोप्टेरिन वापरले. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले होते. १९४८ साली काही मुलांचा रोग तात्पुरता ओसरल्याचे जाहीर झाले. निरोगी पेशीला जे पोसते ते कर्कपेशीलाही पोसू शकते, हे ‘रक्त वाढवणारी’ पथ्ये सुचवणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

जेवणाचे खरे महत्त्व गोळी चालू असताना. इमॅटिनिब पोटाला झोंबते, म्हणून ती जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाणी पिऊन घेतात. त्याच गटातील निलोटिनिबच्या कॅप्सूल मात्र उपाशीपोटी घ्याव्या लागतात. आधी दोन तास व नंतर एक तास काही खायचे नाही, कारण अन्नासोबत ते औषध रक्तात जास्त शोषले जाते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो.