लांब छताचा हिशेब

विजेवर चालणाऱ्या आलिशान सेडानची स्टेशन वॅगन काढावी म्हटलं की पहिली हरकत वाऱ्याची असते. सेडानचं छत मागे हळूहळू उतरतं, त्यामुळे हवेचा प्रवाह गाडीला बराच वेळ धरून राहतो आणि मागे तयार होणारा कमी दाबाचा, भोवऱ्यांचा पट्टा लहान राहतो. वॅगनचं छत शेवटपर्यंत जवळपास सरळ जाऊन एकदम संपतं. पट्टा मोठा होतो आणि गाडीला मागे खेचणारा जोरही वाढतो. पेट्रोल इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं, त्यामुळे तिथे हा फरक फारसा जाणवत नाही. विजेच्या गाडीत मात्र बॅटरीतली बहुतांश ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. शिवाय ८० युनिटांची बॅटरी म्हणजे ऊर्जेच्या मापाने जेमतेम ९ लिटर पेट्रोल. इतक्या तुटपुंज्या शिदोरीवर निघालेल्या गाडीला वारा महागात पडतो, हे खरंच आहे.

पण किती महागात? बीएमडब्ल्यूच्या आय-५ सेडानचा वायुरोध गुणांक ०.२३ आहे, तर तिच्या टूरिंग या वॅगनचा ०.२६. समोरचं क्षेत्रफळ दोघींचं सुमारे २.३ चौरस मीटर धरलं, तर ताशी १२० किलोमीटरला वॅगनवर सुमारे ४५ न्यूटन जास्त विरोध येतो. शंभर किलोमीटरला हे साधारण सव्वा ते दीड युनिट होतात. या वेगात अशी गाडी एरवी वीसेक युनिट घेते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ताशी ४० किलोमीटरच्या शहरी वेगात हाच फरक नवव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे तोटा आहे, पण तो मुख्यतः लांबच्या, भरधाव प्रवासातला.

खरी गफलत तुलनेत आहे. जास्त सामानासाठी गाडी शोधणारं कुटुंब वॅगन मिळाली नाही म्हणून निमूटपणे सेडान घेत नाही. ते एसयूव्हीकडे वळतं. मर्सिडीजच्या ईक्यूएस सेडानचा गुणांक ०.२०, तिच्याच एसयूव्हीचा ०.२६. आकडा आय-५ टूरिंगइतकाच दिसतो, पण गुणांकाला क्षेत्रफळाने गुणावं लागतं, आणि जाहिरातीत नेमकं तेच नसतं. उंच गाडीचं क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर धरा. आय-५ सेडानच्या मानाने वरचा खर्च शंभर किलोमीटरला चार युनिटांच्या घरात जातो. वजन वेगळंच. बरं, सेडानच घेऊन तिच्या टपावर सामानाची पेटी बसवली, तर कारखान्यात कमावलेला गुळगुळीतपणा सुट्टीच्या पहिल्याच दिवशी बराचसा संपतो. वॅगन तेच सामान छताखाली नेते. पायाखालच्या बॅटरीमुळे गाडीचा तळ वर येतो आणि उतरत्या छताखाली मागच्या प्रवाशाचं डोकं टेकू लागतं. लांब छत तिथेही उपयोगी पडतं.

सगळ्याच सेडानना मात्र हे लागू नाही. ऑडीच्या ए-६ ई-ट्रॉनमध्ये उतरत्या छताची स्पोर्टबॅक आणि अवांत ही वॅगन, या दोन्ही रूपांत सामानाची जागा ५०२ लिटर; मागच्या सीट पाडल्यावर १३३० विरुद्ध १४२२. स्पोर्टबॅकचा मागचा दरवाजा काचेसकट उघडतो, म्हणून वॅगनने मिळवलं ते फार थोडं, आणि कंपनीच्याच आकड्यांत कमाल पल्ला ७५६ वरून ७२० किलोमीटरवर आला. आय-५ सेडानची डिकी मात्र वेगळ्या झाकणाची, ४९० लिटरची. टूरिंगमध्ये ५७० आणि सीट पाडल्यावर १७००. फरक मोठा आहे तो इथे. सामानकक्ष उघडा राहिल्याने मागच्या चाकांचा आवाज आत येतो, ही तक्रार शांत विजेच्या गाडीत रास्त आहे, पण ती जास्तीच्या अस्तराने बरीच कमी करता येते. बाजारपेठेची हरकत अधिक जड. वॅगनचा खरा चाहता युरोपात आहे. तरीही तळ, बॅटरी, मोटारी आणि गाडीचा पुढचा भाग तोच राहत असल्याने वॅगनवरचा खर्च नव्या गाडीच्या मानाने मर्यादित राहतो. लुसिडने ०.१९७ गुणांकाच्या एअर सेडाननंतर ग्रॅव्हिटी ही एसयूव्ही आणली. विक्रीच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. पण एअरला वेगळ्या झाकणाचीच डिकी आहे, आणि वाऱ्याची एवढी बचत हाताशी असताना लांब छताचा थोडा तोटा सोसायला तिच्याइतकी योग्य गाडी दुसरी दिसत नाही.