शस्त्राविना आत गेलेला सेनापती

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या आपल्या समाजात सैनिकाविषयी आदर आहे. तथापि त्याच्याविषयी बोलताना किंचित संकोचही होतो. सीमेवर तो जागा असतो म्हणून आपल्या पेढ्या निर्धास्त उघडतात आणि मंदिरातील पूजा निर्विघ्न पार पडते, हे आपण जाणतो. तरीही शस्त्र धारण करणाऱ्याचे जीवन मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावे काय, हा प्रश्न अनेक घरांत अनुत्तरित राहतो. त्याचा विचार करताना कोल्हापूरच्या मातीतील एका सेनानीचे स्मरण होते. ते म्हणजे लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंगराव पाटील थोरात.

त्यांचा जन्म 1906 साली कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे लष्करी शिक्षण घेऊन 1926 साली ते सैन्यात अधिकारी झाले. त्या काळी भारतीय तरुणाला अधिकारपद मिळणे दुर्मीळ होते आणि मिळाल्यावर ते पेलून दाखवणे त्याहून कठीण होते. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी 1945 मध्ये, ब्रह्मदेशातील कांगॉ येथे जपानी सैन्याशी निकराचा लढा झाला. त्यात थोरात एका पंजाब पलटणीचे नेतृत्व करीत होते. त्यांच्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे प्रमुख, थिमय्या, सेन आणि थोरात, भारतीयच होते. तिघांनाही डी.एस.ओ. हा मोठा शौर्यसन्मान मिळाला. रणांगणातील त्यांच्या धैर्याची परीक्षा अशी झालेली होती. त्यांच्या मनाची खरी परीक्षा मात्र युद्ध थांबल्यानंतर झाली.

1953 साली कोरियात शस्त्रसंधी झाली. मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न त्या वेळी सर्वांत बिकट होता. असे 22 हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियाई कैदी सांभाळण्याचे दायित्व तटस्थ भारताकडे आले. त्यासाठी गेलेल्या भारतीय रक्षक दलाचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात. आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांचे पाऊल पडू देण्यास दक्षिण कोरियाचे सरकार राजी नव्हते. त्यामुळे जवानांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवण्यात आले. तेथे त्यांनी वसवलेल्या छावणीला ‘हिंदनगर’ असे नाव मिळाले.

भारतीय आपल्याला बळजबरीने परत पाठवतील, या भीतीने कैदी संतप्त होते. सप्टेंबर 1953 च्या अखेरीस एका तळातील कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास ओढून आत नेले आणि ओलीस ठेवले. बाहेर सशस्त्र जवान सज्ज होते. एका आज्ञेने गोळीबार सुरू झाला असता. पण त्यात ग्रेवालांचे प्राण गेले असते आणि शेकडो कैद्यांचेही. थोरातांनी ती आज्ञा दिली नाही. मोजके सहकारी बरोबर घेऊन ते शस्त्राविना त्या खवळलेल्या जमावात गेले. घोषणा आणि आरडाओरडा त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग, आमच्या देशात घरी आलेल्या पाहुण्याला निदान चहा तरी विचारतात, अशा आशयाचे खेळकर बोलणे त्यांनी काढले. वातावरण सैल झाले. चहा आला, बोलणे झाले आणि ग्रेवाल सुखरूप बाहेर आले. एकही गोळी सुटली नाही.

कोरियातील सर्वच दिवस असे गेले नाहीत. पुढे काही प्रसंगी रक्षकांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी प्राणास मुकले. ते लपवून थोरातांचे मोठेपण वाढणार नाही. शक्य तोवर शस्त्र दूर ठेवणे आणि त्यासाठी प्रथम स्वतःचा जीव पणाला लावणे, यातच ते मोठेपण आहे. या कामगिरीबद्दल भारत सरकारने त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन, देऊन गौरविले. आज तो सन्मान कीर्तिचक्र या नावाने ओळखला जातो.

आपल्या आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले. गृहस्थाला संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य आहे. रक्षणासाठी अपरिहार्य होणारी विरोधी हिंसा मात्र त्याच्या व्रतमर्यादेत येते. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींची महामूर्ती उभारणारा चामुंडराय हा सेनापतीच होता. थोरात जन्माने जैन नव्हते. परंतु भयभीत माणसाला अभय देणे हे दान आपण श्रेष्ठ मानतो आणि त्या तळात त्यांनी नेमके तेच दिले.

1957 ते 1961 या काळात ते पूर्व विभागाचे सेनाप्रमुख होते. चीनच्या सीमेवरील धोका आणि आपल्या तयारीतील उणिवा त्यांनी 1959 मध्येच लेखी कळवल्या. त्यांचे ऐकले गेले नाही. 1962 च्या पराभवानंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून त्या टिपणाविषयी विचारणा केली. आपला इशारा असा खरा ठरल्याचे समाधान कोणत्या सैनिकाला होईल?

1961 साली ते सेनेतून निवृत्त झाले, पण सेवेतून नव्हे. संघ लोकसेवा आयोगाचे सदस्य आणि पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी तरुणांची योग्यता पारखण्याचे काम केले. आयुष्याचा हिशेब त्यांनी ‘फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट’ या आत्मचरित्रात मांडला. त्यांचे चिरंजीव यशवंतराव नाबार्डचे अध्यक्ष झाले, तर स्नुषा उषाताई रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर झाल्या. एकाने शेतकऱ्याच्या कर्जाची आणि दुसरीने देशाच्या पैशाची जबाबदारी वाहिली. विश्वासाने सोपवलेली वस्तू जिवापाड जपणे हे रक्षकाचे व्रत या घराच्या पुढच्या पिढीतही असे दिसले. पेढी सांभाळणाऱ्या आपल्या कुटुंबांना त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

1992 साली कोल्हापुरात हे समृद्ध जीवन शांत झाले.

भावाभावांतील वाटणी, भागीदारीतील तंटा, वर्षानुवर्षे बंद असलेले बोलणे, असे तळ आपल्याही अवतीभवती आहेत. तेथे जाताना आपण वकिलाची नोटीस आणि जुने हिशेब घेऊन जातो. येत्या क्षमावाणीला यांतील एखादे दार रिकाम्या हाताने उघडून पाहावे. समोरचा चहा विचारील, न विचारील. आत पहिले पाऊल आपण टाकावे.