औषधभांडारातील आर्द्रता : एका अदृश्य तोट्याचा लेखाजोखा



वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रियांचा तपशील आणि जमाखर्च यांची अपेक्षा असते. औषधभांडाराच्या भिंतीवरील तळहाताएवढ्या उपकरणावर स्वतंत्र टिपण कशासाठी, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका पावसाळी सकाळच्या अनुभवात आहे.

त्या सकाळी आमच्या औषधनिर्मात्यांनी ॲस्पिरिनच्या सुट्या गोळ्यांची बरणी उघडली, तेव्हा तिला व्हिनेगारसारखा आंबूस वास आला. ॲस्पिरिनला ओल लागली की त्याचे विघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल तयार होते. व्हिनेगारात असते तेच हे दुसरे आम्ल. साठा नोंदवहीशी तंतोतंत जुळत होता, मुदतीची तारीखही दूर होती, आणि भिंतीवरील मापक आर्द्रता मर्यादेत असल्याचे दाखवीत होता. तरीही औषध बिघडले होते. ही गोळी हृदयरुग्णांस नित्य दिली जाते. म्हणून त्या बरणीतून औषध दिलेल्या प्रत्येक रुग्णाशी आम्ही संपर्क साधला, गोळ्या बदलून दिल्या आणि उरलेला साठा नष्ट केला. चूक आमची होती. मापक लावून आम्ही निश्चिंत झालो होतो, मापकाची परीक्षा मात्र कधी घेतली नव्हती.

ओल औषधाचे काय करते?

या परिसराला हा विषय नवा नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. इंजेक्शनचे पेनिसिलीन कोरड्या भुकटीच्या रूपात बंद कुपीत येते व त्यात पाणी ऐनवेळी मिसळतात, कारण पाण्याच्या संपर्कात त्याच्या रेणूतील महत्त्वाचे कडे तुटते आणि औषधाचा गुण जातो. क्लॅव्ह्युलॅनेटयुक्त गोळ्या ॲल्युमिनियमच्या वेष्टनात येतात, त्याचेही कारण ओलच. दमट हवेत जिलेटिनच्या कॅप्सूल चिकटतात, प्लास्टरच्या पट्ट्या आधीच घट्ट होऊ लागतात आणि रक्तशर्करा तपासण्याच्या पट्ट्या चुकीचे आकडे देतात. निर्जंतुक केलेल्या संचाचे वेष्टन ओले झाले, तर त्या ओलीतून जंतूंना आत वाट मिळते.

हवेत त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात किती टक्के वाफ आहे, ते प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. हवा थंड झाली की तीच वाफ अधिक टक्के भरते. ३० अंश सेल्सिअस तापमानाची व ६० टक्के आर्द्रतेची हवा २२ अंशांच्या गार भिंतीला भिडली, तर तेथे आर्द्रता ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणूनच वातानुकूलन असूनही कोपऱ्यातील खोके ओलसर लागते. चाकण परिसरातील शेतकऱ्यास हे वेगळे सांगावे लागत नाही. कांद्याची चाळ जमिनीपासून उंच व दोन्ही बाजूंनी हवेशीर का ठेवतात, हे तो पिढ्यानपिढ्या जाणतो. आम्हीही प्रथम खोकी जमिनीवरून व भिंतीलगतहून हलवून फळ्यांवर ठेवली. मापकाचा विचार त्यानंतर केला.

निवड कशी केली?

आज बहुतेक मापकांत विद्युतधारितेवर चालणारा संवेदक असतो. दोन विद्युतपट्ट्यांमध्ये बहुवारिकाचा पातळ थर असतो. तो हवेतील ओल शोषतो, तशी त्याची विद्युतधारिता वाढते व तिच्यावरून आकडा मिळतो. आम्ही हाच प्रकार निवडला. निवडताना किमतीआधी चार गोष्टी पाहिल्या : अचूकता, प्रमाणपत्र, नोंद आणि इशारा. अचूकता अधिक-उणे ३ टक्के असेल, तर ६० टक्के मर्यादेसाठी इशारा ५७ टक्क्यांवरच लावावा लागतो. मर्यादेवर इशारा ठेवणे म्हणजे खात्यातील शेवटच्या रुपयापर्यंत धनादेश लिहिणे होय. कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे असावे. नोंद आपोआप साठवली जावी आणि वीज गेली तरी बॅटरीवर चालू राहावी, कारण हानी बहुधा रात्री किंवा सुटीच्या दिवशी होते.

जागेचा विचार तितकाच महत्त्वाचा ठरला. आमचा जुना मापक वातानुकूलन यंत्राच्या झोतात होता. यंत्रातून ओल काढलेली हवा तो मोजत होता आणि औषधे मात्र दूरच्या कोपऱ्यात होती. आता मापक झोत, दार व बाहेरची भिंत टाळून औषधांच्याच उंचीवर आहे, आणि सर्वांत दमट आढळलेल्या कोपऱ्यात दुसरा आहे.

देखभाल

संवेदक हळूहळू वाट चुकतो. स्पिरिटची वाफ, फॉर्मॅलिन, धूळ आणि वारंवार साचणारे दव यांनी त्याचा थर बिघडतो, तरीही पडद्यावर आकडा नेटका दिसतच राहतो. यासाठी आम्ही एक साधी चाचणी ठेवली आहे. शुद्ध मिठात थोडे पाणी घालून ओलसर लगदा करावा, तो बंद डब्यात ठेवावा आणि संवेदक लगद्यास न लागता वर टांगावा. तापमान स्थिर ठेवल्यास काही तासांनी डब्यातील हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. आमचा जुना मापक या डब्यात ६६ टक्के दाखवून थांबला, आणि आंबूस वासाचे कोडे उलगडले.

ही चाचणी आता दर तीन महिन्यांनी होते, आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, प्रयोगशाळेत कॅलिब्रेशन होते. भांडाराच्या साफसफाईत संवेदकाजवळ फवारणी करण्यास मनाई आहे. भिंतीवर ओल्या व कोरड्या फुग्याचा जुन्या पद्धतीचा तापमापकही आहे. दोन्हींचे आकडे रोज वहीत लिहिले जातात व त्यांत अंतर पडल्यास त्याच दिवशी शोध घेतला जातो. हिशेबाला जसा लेखापरीक्षक, तसा मापकाला दुसरा साक्षीदार हवा.

आप्तेष्टांस विनंती

घरीही औषधे न्हाणीघर, ओटा वा मोरीजवळ ठेवू नयेत. गोळ्या मूळ वेष्टनातून काढून डबीत भरून ठेवू नयेत. साखर तपासण्याच्या पट्ट्यांची डबी प्रत्येक वेळी लगेच घट्ट बंद करावी. वास, रंग वा पोत बदललेली गोळी मुदत शिल्लक असली तरी घेऊ नये. ती आमच्याकडे आणावी, आम्ही पाहून सांगू.

देणगीतून आलेले प्रत्येक औषध आमच्याकडे विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. नोंदवहीत गोळ्यांची संख्या जुळणे पुरेसे नाही, गोळीतील गुणही जुळला पाहिजे.  भांडारातील नोंदवही पाहण्यासाठी केव्हाही अवश्य यावे, ही नम्र विनंती.