खंडानंतर शाळेत परतणारे मूल

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व सीमेपलीकडील बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखान्यांकडे निघतात. मागे सांभाळणारे कोणी नसले म्हणजे मुलेही सोबत जातात. गळीत हंगाम आटोपून कुटुंब गावी परतते, तेव्हा शाळेचे वर्ष सरत आलेले असते. चार-पाच महिन्यांचा हा खंड केवळ अभ्यासात पडत नाही. सवंगडीही तुटलेले असतात.

असे मूल सकाळी उंबरठ्यावर रेंगाळते, पोटात दुखते म्हणते आणि शाळेची वेळ टळताच खेळू लागते. पालक त्यास सोंग समजतात. ते दर वेळी सोंग नसते. भीतीने पोटात खरोखरच कळ येते. (दुखणे सुट्टीच्या दिवशीही राहिले, ताप असला वा वजन घटू लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.) मुलाला घरी ठेवले की त्याला हायसे वाटते आणि घोटाळा होतो तो तेथेच. शाळा टाळली की सुटका होते, असे मन शिकते व दुसऱ्या दिवशी पाऊल अधिकच जड होते. म्हणून खंड वाढू देऊ नये. तथापि मारून-ओढून नेल्यानेही भीती जात नाही. तीत आणखी एका भीतीची भर पडते.

नेमके कशाचे भय वाटते, हे मुलाला निवांतपणे विचारावे. पुष्कळदा उत्तर मोठ्यांच्या कल्पनेपेक्षा लहान निघते. पाढे विसरले, जागेवर दुसरा बसतो, गणवेश आखूड झाला. गणवेशाची दुमड उसवता येते. एखाद्या संध्याकाळी शाळेच्या आवारातून मुलाला फिरवून आणावे व शेजारच्या सोबत्याशी गाठ घालून द्यावी. सकाळी दोघे मिळून निघाली म्हणजे अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे वर्गात व्हावयाचे असते. हजेरी घेताना ‘पाहुणे आले’ असे शिक्षक विनोदाने म्हणतात, वर्ग हसतो. मूल ते विसरत नाही. पहिल्याच दिवशी त्याला फळ्यापाशी उभे करू नये, मोठ्याने वाचावयास लावू नये. त्याला येते ते आधी विचारावे. फडात राहिलेल्या मुलाने मोळ्या मोजलेल्या असतात, गाडीच्या वजनाची पावती पाहिलेली असते, चार कानडी शब्दही उचललेले असतात. गणिताच्या तासाला हे भांडवल कमी नव्हे.

प्रवेशाच्या कागदपत्रांची धास्ती मात्र मुलापेक्षा आईबापांनाच अधिक असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. शिक्षण अर्धवट सुटलेल्या, सहा वर्षांवरील मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश व इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याची तरतूद त्याच्या कलम ४ मध्ये आहे. कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. मूल राज्यातल्या वा परराज्यातल्या शाळेतून आले आणि शाळा सोडल्याचा दाखला यावयास विलंब झाला, तरी तेवढ्यावरून सरकारी शाळेला त्याचा प्रवेश लांबविता येत नाही. दाखला मागाहून आणून द्यावा. मुलाला वर्गात आजच बसू द्यावे.